मर्यादित षटकांच्या क्रिकेटमधील गोलंदाजीचे नियोजन

मर्यादित षटकांच्या सामन्यात प्रत्येक संघाला ठरावीक षटके खेळावयास मिळतात आणि प्रत्येक गोलंदाजाला त्यांपैकी ठरावीक षटकेच टाकता येतात. ही षटके डावाच्या कोणत्या टप्प्यावर, कोणत्या क्रमाने व कोणाकडून टाकवून घ्यावयाची, यासंबंधी कर्णधार जी योजना आखतो आणि सामना चालू असताना तीत जे फेरफार करतो, त्यांस गोलंदाजीचे नियोजन असे म्हणता येईल. कसोटी सामन्यात कर्णधार आपल्या सर्वोत्तम गोलंदाजाला तो थकेपर्यंत गोलंदाजी देऊ शकतो. दुबळ्या गोलंदाजाच्या हाती चेंडू दिलाच पाहिजे, असे बंधन त्याच्यावर नसते. मर्यादित षटकांच्या खेळात हे स्वातंत्र्य नाही. नियमाप्रमाणे एका गोलंदाजाला डावातील एकपंचमांशाहून अधिक षटके टाकता येत नाहीत : साठ षटकांच्या डावात बारा, पन्नास षटकांच्या डावात दहा, वीस षटकांच्या डावात चार. म्हणजेच किमान पाच जणांनी गोलंदाजी केल्याशिवाय डाव पुरा होत नाही. चांगल्या गोलंदाजाचे प्रत्येक षटक हे अशा रीतीने मोजक्या नाण्यांपैकी एक नाणे ठरते आणि ते कोठे खर्च करावयाचे, हा या खेळातील कर्णधारापुढचा मुख्य प्रश्न होय.

या प्रश्नाची एक बाजू निव्वळ अंकगणिताची आहे. कोणत्याही गोलंदाजास लागोपाठ दोन षटके टाकता येत नाहीत, एवढ्या साध्या नियमामुळे राखून ठेवलेली षटके कधीकधी वाया जातात. पन्नास षटकांच्या डावात चाळीस षटके संपली असता अखेरची दहाही षटके दोनच गोलंदाजांनी टाकावी असे कर्णधाराच्या मनात असेल, तर त्या क्षणी दोघांचीही नेमकी पाच-पाच षटके शिल्लक असली पाहिजेत. एकाची सहा उरली असतील, तर त्यांतील एक टाकताच येणार नाही. शेवटच्या तीन षटकांपूर्वीची स्थिती आणखी नाजूक असते. उत्तम गोलंदाजाची दोन व दुसऱ्याचे एक षटक शिल्लक असेल, तर उत्तम गोलंदाजाने अठ्ठेचाळिसावे व पन्नासावे आणि दुसऱ्याने एकोणपन्नासावे षटक टाकावे, हे उघड आहे. परंतु सत्तेचाळिसावे षटक त्याच उत्तम गोलंदाजाने टाकले असेल, तर त्याच्या वाट्याला केवळ एकोणपन्नासावे षटक येते आणि पन्नासाव्या षटकासाठी तिसरा, बहुधा दुबळा, गोलंदाज शोधावा लागतो. यासाठी जाणते कर्णधार अखेरच्या षटकापासून मागे मागे मोजत येतात.

हे मोजमाप चुकल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मेलबर्न येथे १ फेब्रुवारी १९८१ रोजी झालेल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सामन्यातील आहे. अखेरच्या षटकात न्यूझीलंडला पंधरा धावा हव्या असताना ऑस्ट्रेलियाचा सर्वश्रेष्ठ गोलंदाज डेनिस लिली याची दहा षटके आधीच संपून गेली होती. कर्णधार ग्रेग चॅपेलला ते षटक आपला धाकटा भाऊ ट्रेव्हर याच्याकडे सोपवावे लागले. शेवटच्या चेंडूवर बरोबरीसाठी सहा धावांची आवश्यकता उरली, तेव्हा ग्रेगने भावाला चेंडू जमिनीवरून सरपटत टाकावयास सांगितले. या कृत्याचा सर्वत्र निषेध झाला व पुढे अशी गोलंदाजी नियमबाह्य ठरविण्यात आली. तथापि रिची बेनॉ या माजी कर्णधाराने त्याच दिवशी समालोचनात खिलाडूपणाच्या प्रश्नाबरोबर कर्णधाराच्या चुकलेल्या हिशेबावरही बोट ठेवले होते, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

इतिहास : या प्रकारच्या खेळाला इंग्लंडमध्ये १९६३ साली जिलेट चषक स्पर्धेने व्यवस्थित रूप आले. पहिल्या वर्षी डाव ६५ षटकांचा व गोलंदाजाची मर्यादा १५ षटकांची होती. पुढील वर्षी डाव ६० षटकांचा करण्यात आला. नव्या खेळाचे वेगळेपण ससेक्सचा कर्णधार टेड डेक्स्टर याने इतरांच्या आधी ओळखले. बहुतेक परगण्यांचे कर्णधार तीन दिवसांच्या सामन्याप्रमाणेच स्लिप व गली येथे क्षेत्ररक्षक ठेवीत असता डेक्स्टरने आपल्या जलद व मध्यमगती गोलंदाजांना यष्टींच्या रोखाने आखूड नसलेला मारा करावयास लावले आणि क्षेत्ररक्षक दूरवर पांगवून चौकार अडविले. पहिल्या अंतिम सामन्यात केवळ १६८ धावा करूनही ससेक्सने वुस्टरशरला १५४ धावांत गुंडाळले. १९६४ मध्येही चषक त्यांच्याकडेच राहिला. या पहिल्या अंतिम सामन्यात सामनावीराचा मान मात्र पराभूत संघाच्या नॉर्मन गिफर्ड या डावखुऱ्या मंदगती गोलंदाजाला मिळाला होता. त्याने ३३ धावांत ४ बळी घेतले होते. मंदगती गोलंदाजही या खेळात प्रभावी ठरू शकतो, हा त्यातील बोध घेण्यास इंग्लिश कर्णधारांना पुष्कळ वर्षे लागली.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या रविवारच्या चाळीस षटकांच्या लीग स्पर्धेत गोलंदाजाला आठ षटकांची मर्यादा होती व त्याच्या धावत येण्याच्या अंतरावरही पंधरा यार्डांचे बंधन होते. या स्पर्धेने अचूक टप्प्यावर बेताच्या गतीने मारा करणाऱ्या, फारसे बळी न घेणाऱ्या पण धावाही न देणाऱ्या गोलंदाजांची एक पिढीच तयार केली. फिरकी गोलंदाज म्हणजे महागडी चैन, असा समज त्या काळात दृढ झाला. वस्तुस्थिती निराळी होती. ५ जानेवारी १९७१ रोजी मेलबर्न येथे झालेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यात ॲशली मॅलेट (३४ धावांत ३ बळी) व कीथ स्टॅकपोल (४० धावांत ३ बळी) या ऑस्ट्रेलियाच्या दोघा फिरकी गोलंदाजांनीच इंग्लंडचा डाव १९० धावांत आटोपण्यात मोठा वाटा उचलला. १९७५ च्या पहिल्या विश्वचषक स्पर्धेत पूर्व आफ्रिकेविरुद्ध बिशनसिंग बेदीने १२ षटकांत ८ निर्धाव षटके टाकून अवघ्या ६ धावा दिल्या व एक बळी घेतला. प्रतिस्पर्धी दुबळा होता हे खरे. तरीही साठ षटकांच्या सामन्यात असे पृथक्करण एका फिरकी गोलंदाजाच्या नावावर असावे, हे लक्षणीय आहे.

भारताने आपला पहिला एकदिवसीय सामना १९७४ साली अजित वाडेकरच्या नेतृत्वाखाली लीड्‌स येथे खेळला. त्याच सुमारास, १९७३-७४ च्या हंगामात, पुण्याचे प्रा. दि. ब. देवधर यांच्या नावाने मर्यादित षटकांची आंतरविभागीय स्पर्धा भारतात सुरू झाली. पण फिरकी गोलंदाजांच्या बळावर कसोटी जिंकणाऱ्या भारतीय संघाला या खेळाचे तंत्र उमगण्यास जवळजवळ एक दशक जावे लागले.

धावा रोखणे की बळी घेणे : मर्यादित षटकांच्या सामन्यात प्रतिपक्षाचे दहा बळी घेण्याची आवश्यकता नसते, त्याला एक धाव कमी पडली तरी पुरते. यावरून धावा रोखणे हेच गोलंदाजीचे एकमेव उद्दिष्ट, असा निष्कर्ष आरंभीच्या कर्णधारांनी काढला. त्याचे टोक २८ नोव्हेंबर १९७९ रोजी सिडनी येथे गाठले गेले. वेस्ट इंडीजला शेवटच्या चेंडूवर तीन धावा हव्या असताना इंग्लंडचा कर्णधार माइक ब्रिअर्ली याने यष्टिरक्षकासह सर्व क्षेत्ररक्षक सीमारेषेवर उभे केले. त्या वेळच्या नियमांत हे बसत होते. पुढे १९८०-८१ पासून ऑस्ट्रेलियात यष्टींपासून तीस यार्डांचे वर्तुळ आखून त्याच्या आत ठरावीक क्षेत्ररक्षक ठेवण्याचे बंधन आले, १९८३ च्या विश्वचषकात ते लागू झाले, आणि १९९२ च्या विश्वचषकात पहिल्या पंधरा षटकांत वर्तुळाबाहेर केवळ दोनच क्षेत्ररक्षक ठेवण्याचा नियम झाला. वीस षटकांच्या सामन्यात हाच नियम पहिल्या सहा षटकांना लागू असतो.

या बंधनांमुळे निव्वळ बचावात्मक योजना टिकेनाशा झाल्या. शिवाय अनुभवाने एक गोष्ट स्पष्ट झाली होती. खेळपट्टीवर स्थिरावलेल्या दोन फलंदाजांना अखेरच्या दहा षटकांत रोखणे कोणत्याही क्षेत्ररचनेला साधत नाही. त्यांपैकी एकजण तिसाव्या षटकाच्या सुमारास बाद झाला, तर येणाऱ्या नव्या फलंदाजाला जम बसविण्यासाठी काही चेंडू खर्चावे लागतात, दुसऱ्यालाही हात आखडता घ्यावा लागतो आणि पुढील चार-पाच षटकांची धावगती आपोआप उतरते. मधल्या षटकांत मिळालेला बळी हाच धावा रोखण्याचा सर्वांत स्वस्त उपाय होय. मर्यादित षटकांच्या गोलंदाजीतील बहुतेक चांगले निर्णय या एका जाणिवेतून निघालेले दिसतात.

पाचवा गोलंदाज : संघात अकराच खेळाडू असल्याने पाच पूर्ण वेळचे गोलंदाज घेतले, तर फलंदाजी तोकडी पडते, चारच घेतले, तर उरलेला एकपंचमांश डाव कामचलाऊ गोलंदाजांच्या हाती जातो. ही अडचण या खेळाइतकीच जुनी आहे. १९७५ च्या अंतिम सामन्यात वेस्ट इंडीजचा कर्णधार क्लाइव्ह लॉइड याने ती स्वतःच सोडविली. आधी शतक झळकावून मग त्याने आपल्या मध्यमगती माऱ्याची बाराही षटके टाकली व ३८ धावांत एक बळी मिळविला.

१९७९ च्या अंतिम सामन्यात याच अडचणीने इंग्लंडचा घात केला. बॉब विलिस जायबंदी झाल्याने ब्रिअर्लीपाशी बॉथम, हेंड्रिक, ओल्ड व एडमंड्‌स असे चारच खरे गोलंदाज होते. उरलेली बारा षटके जेफ बॉयकॉट, ग्रॅहॅम गूच व वेन लार्किन्स या तिघा फलंदाजांत वाटून टाकण्याचे त्याने ठरविले. वेस्ट इंडीजची स्थिती ४ बाद ९९ अशी असेपर्यंत हा बेत ठीक वाटत होता. मग व्हिव्ह रिचर्ड्‌स व कॉलिस किंग यांनी पाचव्या जोडीसाठी १३९ धावांची भागीदारी केली. किंगने ८६ धावा काढल्या व रिचर्ड्‌स १३८ धावांवर नाबाद राहिला. डावाचा जमाखर्च पाहिला, म्हणजे सामना कोठे गेला ते कळते. चार प्रमुख गोलंदाजांच्या ४८ षटकांत १८९ धावा निघाल्या, म्हणजे षटकामागे चारांहूनही कमी. तिघा बदली गोलंदाजांच्या १२ षटकांत ८६, म्हणजे षटकामागे सातांहून अधिक. लॉइडपाशीही पाचवा गोलंदाज नव्हता. परंतु त्याने रिचर्ड्‌सच्या साध्या ऑफस्पिनची १० षटके अशा वेळी उरकून घेतली, की बॉयकॉट व ब्रिअर्ली ही सलामीची जोडी बळी राखण्यातच गुंतली होती. रिचर्ड्‌सने ३५ धावाच दिल्या. पुढे आवश्यक धावगती हाताबाहेर गेल्यावर फलंदाजांना जोखीम पत्करणे भाग पडले आणि उंचपुऱ्या जोएल गार्नरच्या यॉर्करपुढे इंग्लंडचा डाव २ बाद १८३ वरून सर्व बाद १९४ असा कोसळला. गार्नरने ३८ धावांत ५ बळी घेतले. दोन्ही कर्णधारांपुढील अडचण सारखीच होती. फरक होता तो दुबळी षटके कोणत्या वेळी खपवायची, याच्या निवडीत.

१९८३ च्या विश्वचषकात कपिल देवने या अडचणीचे रूपांतर सामर्थ्यात केले. त्याच्या संघात अतिवेगवान असा एकही गोलंदाज नव्हता. पण रॉजर बिन्नी, मदनलाल, मुंबईचा बलविंदरसिंग संधू, मोहिंदर अमरनाथ व कीर्ती आझाद असे चेंडू टाकू शकणारे इतके जण होते, की एखाद्याचा दिवस वाईट गेला, तरी त्याची षटके दुसऱ्याकडे सोपविता येत. इंग्लिश हवामानात व खेळपट्ट्यांवर मध्यमगती स्विंग माराच अधिक उपयोगी पडला. मँचेस्टरच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध अमरनाथ व आझाद या दोघा ‘पाचव्या’ गोलंदाजांनी मिळून २४ षटकांत ५५ धावा दिल्या व ३ बळी घेतले. अंतिम सामन्यात भारताच्या १८३ धावांचा पाठलाग रिचर्ड्‌स तडाख्याने करीत असता, मार खाल्लेल्या मदनलालने आणखी एक षटक मागून घेतले. कपिलने मनाविरुद्ध ते दिले आणि रिचर्ड्‌सचा झेल पाठमोरे धावत जाऊन स्वतःच घेतला. अमरनाथने ७ षटकांत १२ धावा देऊन ३ बळी घेतले व वेस्ट इंडीजचा डाव १४० धावांवर आटोपला. वेगाची भीती नसल्याने वेस्ट इंडीजचे फलंदाज गाफील राहिले, असे या विजयाचे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते. ते अपुरे आहे. साठ षटकांपैकी एकही षटक ‘फुकटचे’ नाही, अशी रचना कपिलपाशी होती आणि ब्रिअर्लीपाशी ती नव्हती, हे त्याहून महत्त्वाचे कारण होय.

कामचलाऊ गोलंदाजाचा आणखी एक उपयोग असतो, तो म्हणजे अनपेक्षितपणा. त्याच्या गोलंदाजीचा अभ्यास प्रतिपक्षाने केलेला नसतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबई येथे झालेल्या महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेची कर्णधार लॉरा वोल्व्हार्ट व स्युने लूस यांची जोडी जमली असता हरमनप्रीत कौरने शफाली वर्मा या सलामीच्या फलंदाजाकडे चेंडू दिला. शफाली आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामन्यांत क्वचितच गोलंदाजी करीत असे. तिने प्रथम लूसला व लगेच पुढच्या षटकात मॅरिझॅन कॅप या अनुभवी खेळाडूला बाद केले. तिची ७ षटके ३६ धावांत पडली. दीप्ती शर्माने ३९ धावांत ५ बळी घेऊन उरलेले काम केले आणि भारताने ५२ धावांनी विजय मिळविला.

मधली षटके व फिरकी : नव्या चेंडूची चकाकी उतरल्यावर व अखेरची हाणामारी सुरू होण्यापूर्वी जी वीस-पंचवीस षटके उरतात, ती केवळ वेळ काढण्याची नसून बळी घेण्याची आहेत, हे सुनील गावसकरने १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दाखवून दिले. ऑस्ट्रेलियाच्या विस्तीर्ण मैदानांवर त्याने लक्ष्मण शिवरामकृष्णनची लेगस्पिन व रवी शास्त्रीची डावखुरी फिरकी ही जोडी मधल्या षटकांत सातत्याने वापरली. लेगस्पिन गोलंदाज एकदिवसीय सामन्यात खेळवणे हे त्या काळी धाडस समजले जाई. पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात शिवरामकृष्णनने ३५ धावांत ३ व कपिलने २३ धावांत ३ बळी घेतले. पाकिस्तानला ९ बाद १७६ पर्यंतच मजल मारता आली.

न्यूझीलंडच्या मार्टिन क्रोने १९९२ मध्ये याच्याही पुढचे पाऊल टाकले. पहिल्या पंधरा षटकांतील नव्या बंधनांचा फायदा फलंदाज वेगवान चेंडूच्या गतीवर उचलणार, हे ओळखून त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात नवा चेंडू दीपक पटेल या ऑफस्पिन गोलंदाजाकडे दिला. पुढे गॅव्हिन लार्सन, ख्रिस हॅरिस, रॉड लॅथम अशा संथ मध्यमगती गोलंदाजांना तो लहान लहान हप्त्यांत, दोन-तीन षटकांनंतर बदलत राहिला. कोणताही फलंदाज एकाच प्रकारच्या माऱ्याला सरावू नये, हा त्यामागील हेतू. मात्र ही योजना सर्वस्वी क्रोच्या डोक्यात होती. पाकिस्तानविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ९१ धावा काढताना तो जायबंदी झाला व क्षेत्ररक्षणासाठी उतरू शकला नाही. जॉन राइटने संघाचे नेतृत्व केले, पण गोलंदाजी बदलण्याची ती लय त्याला साधली नाही. तरुण इंझमाम-उल-हकने ३७ चेंडूंत ६० धावा करून सामना फिरविला. नियोजन लिहून देता येते, परंतु त्यातील क्षणाक्षणाचा निर्णय दुसऱ्याला उसना देता येत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

श्रीलंकेच्या अर्जुन रणतुंगाने १९९६ चा विश्वचषक फिरकीच्या आधारेच जिंकला. लाहोरच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याच्या दोघा जलद गोलंदाजांनी मिळून १३ षटके टाकली आणि उरलेली ३७ षटके मुरलीधरन, धर्मसेना, जयसूर्या व अरविंद डिसिल्व्हा या चौघा फिरकी गोलंदाजांनी. १ बाद १३७ अशा सुस्थितीतील ऑस्ट्रेलियाचा डाव ५ बाद १७० असा घसरला. मार्क टेलर व रिकी पाँटिंग हे दोन्ही स्थिरावलेले फलंदाज डिसिल्व्हाने बाद केले, ज्याची गणना मुख्यतः फलंदाजांत होत असे.

उत्तम गोलंदाज केव्हा वापरावा : रूढ पद्धतीप्रमाणे सर्वोत्तम गोलंदाजाची काही षटके नव्या चेंडूने व उरलेली अगदी अखेरीस टाकली जातात. पद्धत सोयीची आहे, पण ती आंधळेपणाने पाळणारा कर्णधार कित्येकदा सामना हातचा निसटून गेल्यावर आपला हुकमी गोलंदाज परत आणतो. १९९२ च्या अंतिम सामन्यात इम्रान खानने ही चूक केली नाही. पाकिस्तानच्या २४९ धावांचा पाठलाग करताना ४ बाद ६९ वरून ॲलन लँब व नील फेअरब्रदर यांनी इंग्लंडचा डाव सावरला होता. वसीम अक्रमची षटके शेवटच्या दहासाठी राखून ठेवण्याऐवजी इम्रानने त्याला पस्तिसाव्या षटकासाठी बोलावले. अक्रमने लागोपाठच्या दोन चेंडूंवर लँब व ख्रिस लुइस यांचे त्रिफळे उडविले. त्यानंतर पंधरा षटके उरली होती, पण सामन्याचा निकाल तेथेच लागल्यासारखा झाला. बंगळूर येथे २०११ च्या विश्वचषकात महेंद्रसिंग धोनीने मूळच्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा असाच उपयोग केला. ३३९ धावांच्या लक्ष्याच्या दिशेने इंग्लंड २ बाद २८१ असे निर्धास्त चालले असता झहीरने ४३ व्या षटकात लागोपाठच्या चेंडूंवर इयान बेल व अँड्रू स्ट्राउस यांना बाद केले आणि हरल्यात जमा झालेला सामना बरोबरीत सुटला.

वीस षटकांच्या सामन्यात हा निर्णय अधिकच बिकट होतो. कारण खर्चावयाची षटके चारच असतात. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोस येथील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेने पंधराव्या षटकात २४ धावा लुटल्यावर त्यांना ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या व सहा गडी शिल्लक होते. भारताचा कर्णधार रोहित शर्मा याच्यापाशी जसप्रीत बुमराहची दोन षटके उरली होती. रूढ हिशेबाने ती सतरावे व एकोणिसावे, अथवा अठरावे व विसावे षटक म्हणून खर्ची पडली असती. रोहितने त्याला तत्काळ सोळावे षटक दिले आणि मग अठरावे. या दोन षटकांत मिळून सहाच धावा निघाल्या व एक गडी बाद झाला. मधल्या सतराव्या षटकात हार्दिक पंड्याने पहिल्याच चेंडूवर हाइनरिख क्लासेनला बाद करून चार धावा दिल्या. अर्शदीप सिंगच्या एकोणिसाव्या षटकातही चारच धावा झाल्या. विसाव्या षटकासाठी बुमराह उरला नव्हता, परंतु तोवर प्रतिपक्षाला सहा चेंडूंत सोळा धावांची निकड उत्पन्न झाली होती. पंड्याने ते षटक टाकले व भारत सात धावांनी विजयी झाला. उत्तम गोलंदाज शेवटच्या षटकासाठी न राखता, शेवटच्या षटकात दुसऱ्याचे काम सोपे व्हावे म्हणून आधीच वापरणे, हे या निर्णयाचे मर्म होय. तो निर्णय फसता, तर रोहितवर टीकेची झोड उठली असती, यात शंका नाही.

अखेरचे षटक कोणी टाकावे, याविषयीच्या काही निर्णयांना आख्यायिकेचे रूप आले आहे. १९९३ मध्ये कोलकाता येथे हीरो चषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेला सहा धावा हव्या असताना मोहम्मद अझरुद्दीनने त्या दिवशी एकही षटक न टाकलेल्या सचिन तेंडुलकरला गोलंदाजी दिली. तेंडुलकरने तीनच धावा दिल्या व भारताने दोन धावांनी सामना जिंकला. २००७ मध्ये जोहॅनिसबर्ग येथील पहिल्या वीस षटकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात धोनीने अखेरच्या षटकासाठी अननुभवी जोगिंदर शर्माला निवडले. हरभजन सिंगचे एक षटक शिल्लक होते, पण त्याला मिसबाह-उल-हकने त्यापूर्वीच एका षटकात तीन षटकार मारले होते. तेरा धावा हव्या असताना मिसबाहने जोगिंदरलाही एक षटकार मारला व पुढच्याच चेंडूवर झेल दिला. भारत पाच धावांनी जिंकला. या दोन्ही प्रसंगी मंदगतीचा उपयोग झाला, असे म्हणता येईल. थकलेल्या वा घाईवर आलेल्या फलंदाजाला वेगवान चेंडूची गती आयती मिळते. मंद चेंडूला स्वतःचे बळ लावावे लागते. तथापि अशा उदाहरणांवरून नियम काढणे धोक्याचे आहे. याच धोनीच्या वा अझरुद्दीनच्या फसलेल्या प्रयोगांची आठवण कोणी ठेवलेली नाही.

अलीकडील प्रवाह : २००३ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या वीस षटकांच्या प्रकाराने गोलंदाजीचे टप्पे आणखी लहान केले. बहुतेक गोलंदाज आता एका वेळी एकच षटक टाकतात. दहा गडी केवळ वीस षटकांत वापरावयाचे असल्याने फलंदाज बाद होण्याची फारशी पर्वा करीत नाहीत. म्हणून येथे एखाद्या बळीचे मोल पन्नास षटकांच्या सामन्याहून काहीसे कमी व निर्धाव चेंडूचे मोल अधिक असते. नव्या चेंडूने फिरकी टाकण्याचा क्रोचा प्रयोग या प्रकारात रूढच झाला : २०११ च्या इंडियन प्रीमियर लीगच्या अंतिम सामन्यात चेन्नईच्या रविचंद्रन अश्विनने पहिल्याच षटकात ख्रिस गेलला शून्यावर बाद केले. कोणत्या फलंदाजाला कोणता गोलंदाज जड जातो, याची टिपणे संगणकाच्या साहाय्याने सामन्यापूर्वीच तयार होतात. डावखुऱ्या फलंदाजासमोर चेंडू बाहेर वळवणारा ऑफस्पिन गोलंदाज आणणे, हे त्याचे सर्वांत साधे रूप. ही टिपणे उपयोगी असली, तरी खेळपट्टी, वारा, एका बाजूची आखूड सीमारेषा व रात्री पडणारे दव या गोष्टी त्यांत पुरत्या उतरत नाहीत. दवाने चेंडू ओला झाला, म्हणजे फिरकी गोलंदाजाची बोटे निसटतात आणि कागदावरचा उत्तम पर्याय निरुपयोगी ठरतो.

नियमांतील बदलही योजनांना सतत नवे वळण देत आले आहेत. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये सुरू झालेल्या शंभर चेंडूंच्या स्पर्धेत गोलंदाजाला लागोपाठ पाच किंवा दहा चेंडू टाकण्याची मुभा असून, कर्णधाराला हा निर्णय पहिले पाच चेंडू पाहून घेता येतो. इंडियन प्रीमियर लीगमध्ये २०२३ पासून सामना चालू असताना एक खेळाडू बदलण्याची सोय झाल्यामुळे फलंदाजाच्या जागी जादा गोलंदाज आणता येऊ लागला व पाचव्या गोलंदाजाची जुनी विवंचना तेथे बरीचशी संपली. त्याबरोबर अष्टपैलू खेळाडूंचे महत्त्व घटले, अशी तक्रारही झाली. वीस षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत २०२२ पासून वेळेत षटके पूर्ण न करणाऱ्या संघाला उरलेल्या षटकांत वर्तुळाबाहेर एक क्षेत्ररक्षक कमी ठेवावा लागतो. त्यामुळे झटपट षटक संपविणाऱ्या फिरकी गोलंदाजाला आणखी एक किंमत आली.

पन्नास षटकांच्या सामन्यात ऑक्टोबर २०११ पासून दोन्ही टोकांकडून निरनिराळे नवे चेंडू वापरले जात. प्रत्येक चेंडू पंचवीस षटकेच जुना होत असल्याने जुन्या चेंडूचा उलटा स्विंग जवळजवळ नाहीसा झाला व फिरकी गोलंदाजांनाही टणक चेंडूने टाकावे लागे. जुलै २०२५ पासून ३४ व्या षटकापर्यंत दोन चेंडू व त्यापुढे त्यांतील गोलंदाजी करणाऱ्या संघाने निवडलेला एकच चेंडू, अशी व्यवस्था करण्यात आली. साहजिकच पस्तिसाव्या षटकापासून चेंडू अधिक झिजलेला मिळतो आणि जुन्या चेंडूने यॉर्कर व उलटा स्विंग टाकू शकणाऱ्या जलद गोलंदाजाची किती षटके त्या टप्प्यासाठी शिल्लक ठेवावी, याचा हिशेब कर्णधारांना पुन्हा मांडावा लागला.